स्वच्छ स्क्रीन

"फोनातली सगळी घाण काढून टाकली बघा," आबा म्हणाले. "आता कसा आरशागत झालाय."

बोलत होते केरळातनं, पण छाती फुगवून बोलतायत हे मला इकडं गिरणीत कळत होतं. मी चक्की बंद केली. दळण टाकायला आलेल्या दोघी बायका माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"कसली घाण, आबा?"

"अहो, ती कंपनी घालून देती की. नसती चित्रं. गाणी, बातम्या, खेळ, कॅमेरा, ते व्हिडीओचं. काढाय गेलं तर निघत न्हाईत. आतच बसवल्यात भडव्यांनी. म्हणून मी लपवली. बसून एकेक लपवलं. आता एकच ठेवलंय, हिरवा फोन. दाबला की तुमच्या आईला लागतोय. बाईमाणसाला आनि काय पायजे?"

"आबा, हर्षदा बहिरी आहे."

पलीकडं आबांनी घसा खाकरला. मग हसले.

"ते लगीन ठरवतानाच ठाऊक होतं की आमास्नी. आज नव्यानं काय सांगताय, अक्का?"

आणि फोन ठेवून दिला.

हे आबा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, हर्षदाचे, थोरले दीर. आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यानं मुलूखभर पांगलेली. सराफांकडचे जुने दागिने घ्यायचे, मुशीत वितळवायचे, तेजाबात घालून चोख सोनं वेगळं करायचं. कुठल्याही परमुलखात जा, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात पिवळा धूर दिसला की आत आमच्या तालुक्याचा माणूस घामाघूम बसलेला असणार. आबांची भट्टी त्रिचूरला. खाली दुकान, वर दोन खोल्या. हर्षदाचा नवरा रणजित भट्टीवर, आणि आबा गादीवर.

हर्षी जन्मापासून बहिरी. मिरजेच्या शाळेत चार इयत्ता काढल्या, तेवढ्यात स्वतःचं नाव आणि आमची नावं लिहायला शिकली. बाकी तिला शिकवलं आईनं. कुठल्या पुस्तकातनं नाही. दोघींनी मिळून हातांची एक भाषा केली, ती आमच्या घरापलीकडं कुणाला येत नव्हती. नाकातल्या चमकीवर बोट ठेवलं की आई. कपाळावर आडवं बोट फिरवलं की मी, कारण लहानपणी चक्कीच्या पट्ट्यानं मला तिथं लागलेलं. तिचं स्वतःचं नाव म्हणजे हनुवटीवरची खळी. आई नि हर्षी भांडायला लागल्या की हातांचा असा पिसारा व्हायचा की शेजारची म्हातारी उंबऱ्यावर येऊन बसायची. "आज काय लागलंय गं मायलेकींचं? मला बी सांगा की," म्हणायची.

लग्न ठरलं तसं आईनं दोन मोबाईल घेतले. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी. विट्यातल्या दुकानदारानं सांगितलं, ह्यात व्हिडीओचं निळं चित्र आधीच बसवलेलं आहे, वेगळं काही घालायला नको, त्यावर बोट ठेवलं की माणूस समोर. आई एवढी खूष झाली की दुकानातनं बाहेर पडेपर्यंत तीनदा तेच निळं चित्र दाबून बघितलं. हर्षी रस्त्याच्या पलीकडं उभी, आई अलीकडं, आणि मधनं एसट्या जातायत. दोघी हातवारे करतायत.

तिकडं गेल्यावर रोज संध्याकाळी ते निळं चित्र उघडायचं. आई फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे. हर्षी सांगायची: इथं कालवण गोड लागतं. इथं नारळच नारळ. नवरा बरा आहे, घोरतो म्हणे, पण मला काय त्याचं. आई हसून हसून डोळ्यांना पदर लावायची. तिथं ना तिची भाषा कुणाला येत होती, ना तिथली भाषा तिला ओठांवरनं कळत होती. जाऊ होती, पण ती वर्षातनं आठ महिने मुलांच्या शाळेसाठी विट्यातच. दिवसभर ती पोरगी भिंतींशी राहायची आणि संध्याकाळी एकदा माणसात यायची.

त्यात घोटाळा झाला तो असा. एक दिवस हर्षी चहा द्यायला खाली दुकानात गेली असताना आईचा फोन आला. तिनं तिथंच उघडला. मागं भट्टी, मूस, आणि एका व्यापाऱ्याचा माल फळीवर मांडलेला. व्यापाऱ्यानं बघितलं नि आरडाओरडा केला की माझं सोनं जगाला दाखवताय काय. गलाईच्या धंद्यात सगळा कारभार विश्वासावर. आबांनी दुकानातल्या सगळ्यांना आधीच बटणाचे साधे फोन दिलेले, कॅमेरा नको म्हणून. आता हर्षीचा राहिलेला. तो त्यांनी स्वच्छ केला.

मी रणजितला फोन लावला. स्वभावानं गरीब माणूस, पण भावापुढं त्याला कणा नव्हता.

"पाव्हणं, ते निळं चित्र तेवढं परत आणून द्या. ती दुकानात न्यायची नाही, मी शब्द देते."

"अक्का, मला त्यातलं कळत न्हाई. आबांनीच केलंय."

"मग आबांना सांगा."

"सांगतो की." मग आवाज खाली. "जरा सबुरीनं घ्या. माल लई हाय सध्या."

मी आबांना दहा वेळा लावला असेल. आधी गोड बोलले, मग चिडले. शेवटी म्हणाले, "रोज आईचा फोन येतोय, ती उचलतीय, खूष असतीय. तुमालाच काय पोटात दुखतंय? मी काय तिचं काय तोडलं, का फोडलं? हाय त्या जागंला हाय सगळं. दिसत न्हाई एवढंच." त्यानंतर माझा नंबर दिसला की उचलेनात.

मी विट्याला मोबाईलच्या दुकानात गेले. ज्यानं फोन विकले तोच.

"लपवलेलं परत आणता येतं का?"

"येतंय की, लई सोपं. स्क्रीनवर मोकळ्या जागी दोन बोटांनी असं चिमटायचं, सेटिंगात जायचं, लपवलेली अ‍ॅप म्हणून असतंय, तिथली खूण काढायची. झालं. फोन कुठाय?"

"केरळात."

"मग फोन करून सांगा त्यास्नी."

"तिला ऐकू येत नाही."

"हां, मग मेसेज टाका."

"मेसेजचं पण लपवलंय. आणि तिला एवढं वाचता येत नाही."

"मग असं करा, व्हिडीओ लावून दाखवा, ती बघून–" म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं. गल्ल्यावर बोटं वाजवत बसला. "अवघड हाय," म्हणाला. "ह्या फोनात लपवलं की इकडनं लावलेला व्हिडीओबी तिकडं येत न्हाई."

मी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "जाऊ दे. दिवाळीला येईल तेव्हा आपणच करू."

दिवाळीपर्यंत आई राहिली नाही.

तिच्या पोटात पाणी व्हायला लागलं माघात. सांगलीला नेलं. डॉक्टरनं पाणी काढलं, परत भरलं. दुसऱ्यांदा काढलं, परत भरलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "घरी न्या. खायला मागतील ते द्या." मी रिक्षात तिला धरून बसले होते आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "हर्षीला कळवलंस?"

कळवायचं कुणाला? रणजितला सांगितलं. तो म्हणाला, "अरं देवा." मग म्हणाला, "आबांना इचारतो." मग दोन दिवस काहीच नाही. मग त्याचाच फोन आला, "अक्का, अक्षय्य तृतीया तोंडावर आलीय. तिकडं त्या दिवशी सोन्याला झुंबड असती. आबा म्हणत्यात, तेवढं होऊ दे, मग घेऊन जा."

"तेवढं होईपर्यंत आई थांबेल का?"

"ते मी कसं सांगू?"

"तिला तरी सांगा आई आजारी आहे म्हणून. तेवढं तरी सांगा, पाव्हणं."

"सांगतो."

आईनं फोन करणं मात्र सोडलं नाही. रोज संध्याकाळी, त्याच वेळेला. आधी कानाला लावून बोलायची. "हर्षे, जेवलीस का गं? इकडं आता ऊन लागाय लागलंय. तुझ्या जयूअक्कानं कुरडया घातल्यात." मी एकदा वैतागून म्हणाले, "आई, कुणाला सांगतीयास? तिनं जन्मात कधी ऐकलंय का?"

"बोलू दे की. तुझं काय जातंय?"

"माझं काय जात नाही. पण तिला कळत नाही."

"मग तू येतीयास का कळवून, जा," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं. मला तिथनं उठून चक्की चालू करावी वाटली, म्हणजे निदान माझंच मला ऐकू आलं नसतं.

पुढं पुढं तिला फोन धरवेना. मग ती मला तो उशीला टेकवून ठेवायला लावायची, आवाज मोठा करून. फोन लागला, पलीकडनं उचलला गेला, की आई हातांनी बोलायला लागायची. काळ्या काचेसमोर. दोन्ही हात वर, सुकलेले, सलाईननं काळेनिळे पडलेले, आणि त्यातनं पोरीला सांगतीय: ये. बघायचंय. पोट मोठं झालंय. हसू नको, बाळ नाही. ये.

पलीकडनं भांड्याचा आवाज यायचा, लांबवर कुणीतरी मल्याळीत ओरडायचं, आणि मधेच हर्षीचा तो घशातला "आँ, आँ" यायचा. तेवढ्यावर आई समाधानी. "बघ, म्हणतीय येते." मी उशी सारखी करायची.

शेवटचे दिवस ती शुद्धीत नव्हती. गेली ती सकाळी, मी तोंडात पाणी घालत असताना. पाणी गालावरनं उशीवर गेलं तेव्हा मला कळलं.

माणसं जमली. भावकीतल्या म्हाताऱ्या म्हणायला लागल्या, "धाकटीला कळवलंय का? लेकीनं तोंड बघितल्याशिवाय कसं उचलायचं?" माझ्या फोनवरनं आबा उचलत नव्हते. मी आईचा फोन घेतला, त्यावरनं लावला. लगेच उचलला.

"बोला मावशी, बरं वाटतंय ना आता?"

"आबा, मी जयमाला. आई गेली."

"अरारा. कधी?"

"आत्ता. हर्षीला घेऊन निघा. आम्ही ठेवतो."

"कसं निघणार, अक्का? परवा तृतीया. आनि गाडीनं दोन रात्री. तवर मढं ठेवणार हाईसा व्हय ह्या उन्हाळ्यात?"

ह्यात आबांचं खोटं काहीच नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

"मग तिला सांगा तरी."

"सांगतो."

"आत्ता सांगा. माझ्यासमोर सांगा."

"सांगतो म्हणलं की! मी काय राक्षस हाय?"

उन्हं चढायच्या आत आईला नेलं. म्हाताऱ्यांना मी सांगितलं, पोरीला कळवलंय, येतीय. मला ते खरंच वाटत होतं.

त्या दिवसापासनं संध्याकाळ झाली की मी आईच्या फोनवरनं हर्षीला लावायची. माझ्या नंबरावरनं लावायचं डोक्यातच आलं नाही, कारण हर्षीचा नंबर आईच्याच फोनात होता आणि तोच आता माझ्या कमरेला असायचा. ती उचलायची. मी फोन कानाला धरून बसायची. पलीकडनं तिचा तो आवाज यायचा, "आँ, आँ, आँ," लांब, तुटक, श्वास लागल्यागत. बहिऱ्या माणसाचं हसणं आणि रडणं फोनवर सारखंच येतं. फरक सगळा तोंडावर असतो. मला वाटायचं, रडतीय. मग मीही इकडं रडायची. पाच-दहा मिनिटं दोघी बहिणी अशा फोनवर रडायचो, आणि मला त्याचा आधार वाटायचा. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत तेवढाच आधार होता.

तेरावं झालं. गिरणीला कुलूप घातलं, मिरजेहून गाडी धरली. हर्षीला घेऊन यायचं, महिनाभर ठेवून घ्यायचं, एवढंच ठरवलेलं.

आबांनी दुकानातल्या गादीवर बसवलं. पाणी दिलं. आतनं तेजाबाचा वास घशात बसत होता. भट्टीजवळ रणजित उभा होता, मला बघून त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"लई वाईट झालं," आबा म्हणाले. "मावशी म्हणजे देवमाणूस. चहा घेणार का सरबत?"

"हर्षी कशी आहे?"

"हाय की, मजेत हाय." मग दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आता तुमी आलाय तर बरं झालं. तेवढं सांगून टाका."

"काय सांगून टाका?"

आबांनी मिशीचं पाणी पुसलं. मला आधी खरंच कळलं नाही. मग भट्टीकडं माझी नजर गेली आणि रणजितच्या तोंडावर मला सगळं दिसलं.

"तुम्ही तिला सांगितलंच नाही?"

"सीझन होता, अक्का. रडारड झाली असती, सैपाक कोन करणार, माणसं जेवनार कुठं–"

"पंधरा दिवस झाले, आबा! आई आजारी आहे हे तरी सांगितलंत का?"

"ओरडू नका. गिऱ्हाईक येतंय." उठून त्यांनी काचेचं दार लावून घेतलं. "ह्याला सांगितलं होतं मी. ह्याला इचारा."

मी उठून रणजितसमोर जाऊन उभी राहिले. मागं भट्टी धगधगत होती, तरी तो थंडी वाजल्यागत उभा होता.

"का नाही सांगितलंत?"

"अक्का," तो म्हणाला, "मला तिच्यातलं जेव, झोप, पैसे, ये, जा, एवढंच येतंय. मेलं ह्याला कुठलं बोट असतंय, मला ठाऊक न्हाई."

त्याला मारावं असं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावं असंही. काहीच केलं नाही. पिशवी उचलली आणि जिना चढले. मागनं आबा म्हणाले, "आनि तिला जरा हळू घ्या म्हणावं. तिचा आवाज लई लांब जातोय."

हर्षी खोबरं किसत होती. मला बघितलं आणि किसणी उडाली. येऊन अशी मिठी मारली की मी भिंतीला टेकले. मग लगेच मागं होऊन हात सुरू. तू! कशी! न सांगता! वाळलीयास! माझ्या मागं जिन्यात डोकावून बघितलं, आणि नाकाच्या चमकीवर बोट. मग माझ्या उत्तराआधी स्वतःच मान हलवली: आई नाही. गाडी लांब. पाय दुखतात. कळलं.

मी हात वर केला. तेवढ्यात तिनं तो धरून खाली ओढला आणि कमरेचा मोबाईल काढून माझ्या हातात दिला. भराभरा सांगायला लागली. बिघडलाय. निळं गेलं. कॅमेरा गेला. मी पाडला नाही, शपथ. धुतला नाही. आपोआप. घाबरून कुणाला सांगितलं नाही. तू बघ. तुला येतं.

एवढे महिने ह्या पोरीला वाटत होतं की फोन तिच्याच हातनं बिघडला.

स्क्रीनवर काळ्या रंगावर एकच हिरवं चित्र होतं. खरंच आरशागत. त्यात मला माझं तोंड दिसत होतं.

मी विचारलं, आईचा फोन येतो?

ती खुलली. रोज! हातात फोन धरून थरथर करून दाखवला, मग गालाला लावला. रोज येते. काल पण. आजारी आहे म्हणून पूर्वी जरा कमी वेळ असायची– आजारी, हे तिनं विचारल्यागत केलं, म्हणजे तिला कुठनं तरी वास लागलेला– पण आता बरी झाली, आता खूप वेळ असते. मी हसते, तिला ऐकू जातं. ती ऐकते, मला ठाऊक आहे.

मी खाली बसले. रणजित जिना चढून दारात येऊन उभा राहिला होता.

आधी सांगायला पाहिजे होतं. पण तिनं फोन माझ्या हातात दिला होता, आणि तो दुरुस्त करणं हे एक काम होतं, आणि माणूस मरणाच्या बातमीपुढं कुठल्याही कामाच्या आडोशाला जातो. मी मोकळ्या जागी दोन बोटं चिमटली. सेटिंग. लपवलेली अ‍ॅप. सगळी तिथंच बसलेली होती, ओळीनं, गाणी, बातम्या, खेळ, काही कुठं गेलं नव्हतं. निळ्यावरची खूण काढली. बाहेर आले, तर हिरव्याच्या शेजारी निळं.

एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

हर्षीनं टाळी वाजवली. फोन माझ्या हातातनं ओढून घेतला, माझ्या कपाळावरच्या व्रणाचा मुका घेतला, आणि मी हात वर करायच्या आत निळं चित्र दाबलं.

माझ्या पिशवीत आईचा फोन वाजायला लागला.

खोली ती केवढी. आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. रणजितनं पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. खालनं आबा ओरडले, "कुनाचा वाजतोय, उचला की!" एकट्या हर्षीला त्यातलं काही नव्हतं. तिनं फोन नारळाला टेकवून ठेवला, दोन्ही हात मोकळे केले, केस कानामागं सारले, पदरानं तोंडावरचा घाम पुसला, आणि स्क्रीनकडं बघून आधीच हसायला लागली.

वाजून वाजून थांबला. ती म्हणाली, गिरणीत असेल. परत लावला.

मी पिशवीत हात घालून फोन बाहेर काढला. तिची पाठ होती माझ्याकडं. खांद्यावर हात ठेवून वळवावं आणि सांगावं, एवढंच करायचं होतं. हात गेला नाही. मी फोन उचलला.

तिच्या स्क्रीनवर माझं तोंड आलं.

ती मागं वळून बघेल असं मला वाटलं. नाही वळली. स्क्रीनमधल्या माझ्याकडं बघून खदखदून हसली, तोच "आँ, आँ, आँ," तोच, रोजचा, जो मी गावात बसून रडणं म्हणून ऐकला होता. तिला वाटलं, मी चेष्टा करतीय. बोट नाचवून विचारलं, आईचा फोन तू पळवून आणलास? मग ती तिकडं कशावर बोलणार? मग नाकाच्या चमकीवर बोट, आणि दोन्ही हात पसरून: कुठाय?

मीही तिच्या पाठीकडं न बघता फोनमधल्या तिच्याकडंच बघितलं. नाकावर बोट ठेवलं. मग तळवा उताणा केला आणि बाजूला नेला. आमच्या घरात पीठ संपलं की हेच करायचं. रॉकेल संपलं की हेच. बाबा गेले तेव्हा आईनं तिला हेच करून सांगितलं होतं.

त्या बोळात रेंज कमी. चित्र पोचायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ ती हसत होती.